महिना पंधराशे आणि कामाची तयारी : 'लाडकी बहीण' योजनेचे परीक्षण

सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची पहिली वेचणी एकाच पंधरवड्यात आली, की विदर्भ-मराठवाड्यात बांधावर एक तक्रार हमखास ऐकू येते : "लाडक्या बहिणीचे पैसे सुरू झाले आणि बाया कामाला येईनाशा झाल्या." त्यावर बायकांचा प्रतिप्रश्न तयार असतो, "दीड हजारात घर चालतं का?" यात कुणाचे किती खरे, हे ठरवायचे तर ही योजना एक सेवा म्हणून उलगडून पाहावी लागते. रक्कम किती, ती कुठल्या खात्यात आणि कुठल्या दिवशी येते, कशापायी अडकते, कोणत्या अटीवर बंद होते. कामाच्या तयारीवरचा परिणाम या बारीकसारीक गोष्टींतच ठरतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. रक्कम माफक आणि कामाला पोषक आहे. खात्यात पैसे पोचवण्याची व्यवस्था बरी आहे. तारीख बेभरवशाची आहे आणि अटी नुकसानकारक आहेत. पाचपैकी तीन गुण. बायकांना कामापासून मागे ओढणारी एक गोष्ट या सेवेत नक्की आहे, पण ती अडीच लाखांच्या उत्पन्न मर्यादेत आहे. दीड हजार रुपयांवर तिचे खापर फोडणे चुकीचे आहे.

नेमके काय मिळते

तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजित पवार यांनी २८ जून २०२४ रोजी अतिरिक्त अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर केली आणि त्याच दिवशी शासन निर्णय निघाला. वय २१ ते ६५, महाराष्ट्राची रहिवासी, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशा सगळ्या बायका, शिवाय कुटुंबातली एक अविवाहित मुलगी. दरमहा १,५०० रुपये, थेट आधार जोडलेल्या बँक खात्यात. रक्षाबंधनाच्या तोंडावर, ऑगस्ट २०२४ मध्ये, जुलै-ऑगस्टचे ३,००० रुपये एकदम जमा झाले.

याला सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न म्हणता येणार नाही. ते असायचे तर प्रत्येकाला, विनाअट, कायम मिळायला हवे. इथे पुरुष बाहेर, २१ खालच्या मुली बाहेर, पासष्टी ओलांडलेल्या आज्या बाहेर, करदात्यांचे कुटुंब बाहेर. १५ ऑक्टोबर २०२४ ला अर्ज घेणे थांबले, म्हणून त्यानंतर एकवीस पूर्ण झालेल्या मुलीही बाहेरच राहिल्या. तरीही २०२५ मध्ये महाराष्ट्रात सुमारे सव्वादोन कोटी बायकांच्या खात्यात कामाची अट न घालता दरमहा पैसे जाणे, ही या कल्पनेच्या सगळ्यात जवळची गोष्ट आहे. ज्या राज्याने 'मागेल त्याला काम' म्हणत वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी उभी केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला आणि पुढे देशाला तिचा नमुना दिला, त्याच राज्यात आता कामाशिवाय पैसा दिला जातो आहे. त्यामुळे कामाचा प्रश्न इथे इतक्या तावातावाने विचारला जातो, हे स्वाभाविकच आहे.

आता रकमेचे वजन पाहू. १,५०० रुपये म्हणजे दिवसाला ५०. रोजगार हमीचा २०२५-२६ चा महाराष्ट्रातला दर ३१२ रुपये होता. म्हणजे महिन्याचा हप्ता जेमतेम पाच दिवसांच्या मजुरीएवढा. वर्षाचे होतात १८,०००. चौघांच्या कुटुंबात एकच लाभार्थी असेल तर डोई वर्षाला ४,५०० रुपये येतात. २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालात, अरविंद सुब्रमण्यन मुख्य आर्थिक सल्लागार असताना, मूलभूत उत्पन्नावर एक आख्खे प्रकरण होते. त्यातला आकडा माणशी वर्षाला ७,६२० रुपये होता, तोही तेव्हाच्या किमतींना. त्या हिशेबाने लाडक्या बहिणीचा हप्ता निम्म्याच्या थोडा वर भरतो, आणि मधल्या वर्षांतली महागाई धरली तर त्याहूनही खाली जातो. एवढ्यावर कोणी बारा महिने घरी बसू शकत नाही. मात्र वर्षातले पाच-दहा दिवस कामाला नाही म्हणता येते, आणि बांधावरची तक्रार नेमकी त्या पाच-दहा दिवसांची आहे.

मजूर मिळत नाहीत, याचा उलगडा

शेतमजुरीची गरज वर्षभर सारखी नसते. निंदणीचे काही दिवस, सोंगणीचे पंधरा-वीस, वेचणीच्या दोन-तीन फेऱ्या. त्या दिवसांत सगळ्यांना एकदम मजूर हवे असतात आणि बाई ठरलेल्या रोजावर येते, कारण किराणा दुकानदाराची उधारी थांबत नाही. हातात पंधराशे असले की ती दोन दिवस थांबू शकते, शेजारच्या गावात जास्त दर आहे का विचारू शकते, रोजंदारीऐवजी उक्ते काम मागू शकते. शेतकऱ्याला हे 'बाया येईनात' असे दिसते. तिच्या घरातून पाहिले तर 'त्या रोजात येत नाही' असे आहे. भाव वाढवला की ती येते, आणि कापूस पावसात भिजायच्या आत भाव वाढवावाच लागतो.

लहान शेतकऱ्याची ओढाताण यात खोटी नाही. सोयाबीनला हमीभाव मिळत नसताना मजुरी वाढली तर ती त्याच्याच खिशातून जाते. पण त्यावरचा उपाय शेतमालाच्या भावात शोधायला हवा. शिवाय ज्याच्याकडे दोन-तीन एकर आहे, त्याच्या घरातल्या बाईलाही हा हप्ता येतो, आणि त्यातूनच कित्येक घरांत मजूर लावायचे पैसे निघतात. ही दुसरी बाजू बांधावर कोणी बोलून दाखवत नाही.

परिणाम मोजायचा असेल तर त्यात तीन गोष्टी येतात. एक, एकूण कामाचे तास घटले का. दोन, कामाचा प्रकार बदलला का, म्हणजे दुसऱ्याच्या शेतातून स्वतःच्या शेतात, शेळीवर, शिलाई मशीनवर ती गेली का. तीन, किती मजुरीला ती तयार होते. गावातल्या वादात या तिन्हींची सरमिसळ होते. पहिली गोष्ट घडली तर ते आळसाचे लक्षण म्हणता येईल. दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीत कामाची तयारी वाढलेलीसुद्धा असू शकते.

जवळचाच दाखला घ्या. मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांच्या 'सेवा' या संघटनेने युनिसेफच्या मदतीने मूलभूत उत्पन्नाचा प्रयोग केला. रेनाना झाबवाला, गाय स्टँडिंग आणि शरथ दावला यांनी तो मांडला. आठ गावांतल्या प्रत्येक माणसाला महिन्याला २०० रुपये आणि लहान मुलामागे १००, पुढे वाढवून ३०० आणि १५०. कुठलीही अट नाही. ज्या गावांना पैसे मिळाले नाहीत, त्यांच्याशी तुलना करून पाहिले. पैसे मिळालेल्या गावांत काम वाढले, विशेषतः बायकांचे. लोक मजुरीकडून स्वतःच्या शेताकडे वळले, बी-खतावर खर्च वाढला, जनावरे घेतली गेली. लहान कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात हे सहज पटण्याजोगे आहे. पेरणीच्या आठवड्यात बियाण्याला पैसे नसतात म्हणून माणूस दुसऱ्याच्या शेतात रोजाने जातो आणि स्वतःची पेरणी मागे पडते. हातात थोडे पैसे असले की तो आधी आपली पेरणी उरकतो.

केनियातला प्रयोग यापेक्षा कितीतरी मोठा आहे. 'गिव्ह डायरेक्टली' ही संस्था तिथल्या १९५ गावांत पैसे देते आहे : काही गावांना बारा वर्षे, काहींना दोन वर्षे दरमहा साधारण साडेबावीस डॉलर, आणि काहींना एकदाच मोठी रक्कम. अभ्यास करणाऱ्यांत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आहेत (जन्म मुंबईचा, आई निर्मला या माहेरच्या पाटणकर). तिथेही एकूण काम घटलेले दिसले नाही. मजुरीचे तास कमी झाले आणि स्वतःच्या धंद्याचे तास तेवढेच वाढले. आणखी एक गोष्ट आपल्या फार कामाची आहे. बारा वर्षे पैसे मिळणार हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनी भिशी लावली. दरमहाच्या छोट्या रकमेची त्यांनी मोठी रक्कम करून घेतली आणि धंद्यात घातली. दोनच वर्षे मिळणाऱ्यांचे धंदे तितके वाढले नाहीत. पैशांचा भरवसा लांबचा असेल तर रक्कम भांडवल होते, आणि तसा नसेल तर ती किराण्यात जाते. या भरवशावर पुढे पुन्हा येतो, कारण लाडकी बहीण इथेच कमी पडते.

उलट दाखलाही देणे भाग आहे. अमेरिकेत टेक्सास आणि इलिनॉय या राज्यांत २०२० ते २०२३ अशी तीन वर्षे एक हजार लोकांना महिन्याला १,००० डॉलर दिले गेले. तिथे काम आठवड्याला सरासरी १.३ तासांनी घटले आणि काम करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दोन टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे रक्कम मोठी असली तर थोडा परिणाम होतो, आणि तो लपवण्यात काही अर्थ नाही. पण आठवड्याचा सव्वा तास म्हणजे काम सोडणे नव्हे. आणि आपल्याकडची रक्कम त्या तुलनेत किरकोळ आहे.

अडीच लाखांचा कडा

या सेवेतला सगळ्यात मोठा दोष इथे आहे.

अडीच लाखांची मर्यादा एखाद्या कड्यासारखी आहे. २,४९,००० उत्पन्न असेल तर पूर्ण १८,००० मिळतात, आणि २,५१,००० झाले की शून्य. समजा, नवरा महिन्याला १०,००० कमावतो, वर्षाचे १,२०,०००. बायको घरी शिवणकाम करून ६०,००० मिळवते. एकूण १,८०,०००, हप्ता चालू. तिला कपड्याच्या कारखान्यात महिना ११,००० ची, भविष्यनिर्वाह निधी (पीएफ) आणि ईएसआय म्हणजे कामगार विम्यासह नोकरी मिळाली, तर तिचे १,३२,००० आणि घराचे २,५२,०००. दोन हजारांनी रेघ ओलांडली आणि १८,००० गेले. कमाई ७२,००० ने वाढली, पण हाती जादा आले ५४,००० आणि त्यातून जाण्यायेण्याचा आणि मुलाला सांभाळणाऱ्याचा खर्च वजा. दर चार रुपयांच्या वाढीव कमाईवर एक रुपया गेला. महिन्याला एक हजार रुपये पगारवाढ मिळून रेघ ओलांडणाऱ्या बाईचे तर सरळ नुकसान : १२,००० आले, १८,००० गेले.

कामाची तयारी इथे मारली जाते. नोकरी नको असे तिला वाटत नसते, तिला वाटते की नोकरी कागदावर यायला नको. मग पगार रोखीत घ्यायचा, पावती नको, पीएफ नको, असा कल तयार होतो आणि उद्या अपघात झाला तर विम्याचे कवच नाही.

पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवाल्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट आहे. त्यामुळे बहुतेक घरांत हा कडा आज प्रत्यक्ष दिसत नाही, पण त्याची भीती घरोघरी आहे. त्यातच केशरी कार्डाची मर्यादा वर्षाला एक लाख आहे आणि ती ठरवली १९९९ च्या सुमारास. घरात दोघे कमावते असले की आज कुठलेही घर ती ओलांडते. कार्ड टिकवायचे तर उत्पन्न कमी दाखवावे लागते. एक अट दुसऱ्या अटीला असे टेकू देत राहते.

चारचाकीची अट याहून त्रासाची आहे. कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर ट्रॅक्टर सोडून चारचाकी असेल तर लाभ बंद. छोटा हत्ती घेऊन भाजी मंडईत नेणाऱ्या घराचे उत्पन्न वाढायला नुकती सुरुवात झालेली असते, आणि पहिल्याच वर्षी घरातली बाई अपात्र ठरते. कर्जाचा हप्ता डोक्यावर असतानाच. धंद्याचे वाहन आणि हौसेची गाडी यांत या नियमाला फरक कळत नाही.

सगळ्यात कडक उदाहरण शेजारच्या योजनेत सापडते. संजय गांधी निराधार अनुदानात कुटुंबाची उत्पन्न मर्यादा सर्वसाधारणपणे वर्षाला २१,००० रुपये आहे. रोजगार हमीच्या ३१२ रुपये दराने ६८ दिवस काम केले की ती ओलांडली जाते. म्हणजे विधवा बाईने वर्षातले सव्वादोन महिने कामाला जाणे, हेच तिच्या अपात्रतेचे कारण होऊ शकते. कामाला परावृत्त करणारी योजना शोधायची असेल तर ती अशी असते. लाडकी बहीण त्या मानाने खूपच सैल आहे आणि हे तिच्या बाजूने नोंदवायला हवे. गोव्यात २०१२ पासून चालू असलेल्या गृह आधार योजनेतही विवाहित गृहिणीला महिन्याला १,५०० मिळतात आणि मर्यादा तीन लाखांची आहे. रेघ थोडी वर, पण जात तीच.

फिनलंडने २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षे दोन हजार बेरोजगारांना महिन्याला ५६० युरो दिले आणि नोकरी लागली तरी ते बंद केले नाहीत. आपल्या वादातला कळीचा प्रश्न त्यांनी थेट तपासला : नोकरी लागल्यावर पैसे जात नसतील तर माणूस काय करतो? दुसऱ्या वर्षी या लोकांनी इतर बेरोजगारांपेक्षा सरासरी सहा दिवस जास्त काम केले. फरक लहान आहे, पण वाढीच्या बाजूला आहे.

उपाय अवघड नाही. रेघेवर एकदम तोडण्याऐवजी उतार ठेवायचा. अडीच लाखांच्या वर दर १,००० रुपयांमागे वर्षाच्या रकमेतून २०० रुपये कमी केले, तर ३,४०,००० ला हप्ता शून्यावर येईल आणि मधल्या कुठल्याही टप्प्यावर जास्त कमावणारी बाई नुकसानीत जाणार नाही. किंवा मग सगळ्यांना सरसकट द्यावे आणि वरच्यांकडून करातून परत घ्यावे. दुसऱ्या मार्गात पडताळणीचा खटाटोपही वाचतो. तो खटाटोप लहान नाही : २०२५ च्या जूनमध्ये छाननीत २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचे पैसे संशयावरून थांबवले गेले, आणि पुरुषांच्या नावावर लाभ घेतलेलेही चौदा हजारांहून जास्त निघाले. तपासणी हवीच. पण एका अटीमागे लाखो खरी कुटुंबे महिनोन्‌महिने टांगणीला लागतात, हा त्या अटीचाच खर्च आहे आणि तो हिशेबात धरायला हवा.

पैसे अडकतात कुठे

हप्ता आला नाही अशी तक्रार आली, की आधी खात्याची जोडणी पाहायची. थेट लाभ खाते क्रमांकावर जात नाही, आधार क्रमांकावर जातो. कुठल्या बँकेतले खाते त्या आधारशी जोडले आहे, याची नोंद एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे असते आणि सगळ्यात शेवटी जोडलेले खाते धरले जाते. अर्जात एका बँकेचे पासबुक लावले आणि दरम्यान पोस्टात नवीन खाते उघडले, तर पैसे पोस्टात जातात आणि बाई बँकेत चकरा मारते. तपासायचे असे : 'माय आधार' संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून प्रवेश करायचा, 'बँक सीडिंग स्टेटस' उघडायचे, बँकेचे नाव आणि 'अॅक्टिव्ह' शब्द दिसतो का पाहायचे. 'इनॅक्टिव्ह' असेल तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथे आधार जोडणीचा अर्ज द्यायचा. 'आधार लिंक आहे' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. खात्याला आधार लावणे आणि थेट लाभासाठी जोडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत 'डीबीटीसाठी सीडिंग' असे स्पष्ट म्हणायचे.

दुसरी अडचण किमान शिल्लक. साधे बचत खाते असेल आणि त्यात किमान शिल्लक नसेल तर आलेल्या हप्त्यातून बँक दंड कापून घेऊ शकते. जनधन किंवा शून्य शिल्लक खाते जोडणे हा सोपा मार्ग. खाते संयुक्त नसावे, फक्त बाईच्या नावावर असावे. शासनाची ही अटच आहे आणि या सेवेतली सगळ्यात चांगली अट तीच. पैसे कोणाच्या हातात पडतात यावर ते शेळीत जातात की दारूत, हे पुष्कळदा ठरते.

तिसरी, ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी. १८ सप्टेंबर २०२५ ला ती सक्तीची झाली, मुदत आधी दोन महिने आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. योजनेच्या संकेतस्थळावर स्वतःचा आधार, ओटीपी, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, त्यांचा ओटीपी, मग जातप्रवर्ग आणि दोन घोषणा. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो. नवऱ्याचा जुना नंबर बंद पडला असेल तर आधी आधार केंद्रात नंबर बदलून घ्यावा लागतो. सरकारी नोकरीबद्दलच्या घोषणेची वाक्यरचना नकारार्थी होती, त्यामुळे 'हो' म्हणायचे की 'नाही' यात अनेकींचा गोंधळ उडाला. घोषणा पूर्ण वाचून, 'नाही' हा शब्द कुठे आहे ते पाहूनच खूण करावी. विधवा आणि घटस्फोटित बायकांनी मृत्यू दाखला किंवा न्यायालयाच्या आदेशाची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची असते. हा मार्ग सुरुवातीला नव्हता, नंतर काढावा लागला. बाईसाठीच बनवलेल्या योजनेत पुरुषाचा ओटीपी हा दरवाजा ठेवायला नको होता.

ऊसतोड कुटुंबांचे हाल यात वेगळे. बीडकडचा कोयता दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातो आणि उन्हाळा लागल्यावरच परततो. पडताळणीची मुदत नेमकी त्या काळात पडली. अंगणवाडी गावात, बाई फडात. जे कुटुंब सगळ्यात जास्त राबते, त्याचाच हप्ता कागदावर थांबण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पुढच्या वेळी अशा जिल्ह्यांसाठी मुदत जून ते सप्टेंबर ठेवावी किंवा साखर कारखान्याच्या तळावर शिबिर घ्यावे.

तारीख

पगाराला तारीख असते, भाड्याला असते, बचत गटाच्या हप्त्याला असते. या हप्त्याला नाही. २०२४ मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पैसे एकदम आले, डिसेंबरचे महिनाअखेरीस, २०२५ मध्ये फेब्रुवारी-मार्चचे पुन्हा जोडून. कधी सणाचा मुहूर्त, कधी आचारसंहिता, कधी निधीची वाट. मुळात खर्चच मोठा आहे : २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती. त्यात महिन्याचा हप्ता २,१०० करण्याचे आश्वासन लटकते आहे. बायका त्याची वाट पाहत बसलेल्या नाहीत, पण पंधराशे पुढच्या वर्षी असतील का, हा प्रश्न गावोगावी ऐकू येतो.

याचा कामाशी थेट संबंध आहे. दहा जणींनी १,५०० ची भिशी लावली तर दरमहा एकीच्या हाती १५,००० येतात. त्यात शिलाई मशीन येते, दोन शेळ्या येतात, पिठाच्या गिरणीचे आगाऊ पैसे निघतात. केनियात हेच झाले. पण भिशी तारखेवर चालते. हप्ता दहा तारखेला येईल की पंचवीसला, हे माहीत नसेल तर पहिल्या चुकलेल्या महिन्यातच भिशी मोडते आणि दहा जणींत वितुष्ट येते. ज्या गटांनी ती टिकवली आहे, त्यांनी नियम असा ठेवलेला बरा : तारीख ठरवायची नाही, हप्ता जमा झाल्यापासून सात दिवस ठरवायचे. दोन महिन्यांचे एकत्र आले तर दोन फेऱ्या एकाच बैठकीत काढायच्या. कोणाचा हप्ता पडताळणीत अडकला तर तिची पाळी शेवटी ढकलायची, तिला वगळायचे नाही. आणि पहिल्या फेरीतली रक्कम ज्या बाईचा धंदा हंगामी आहे, तिला हंगामाच्या महिनाभर आधी द्यायची. हंगाम गेल्यावर आलेले भांडवल उधारी फेडण्यात जाते.

एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. पंधराशे आणि अर्धे तिकीट जोडले तर तालुक्याच्या ठिकाणी कामाला जाण्याचा खर्च आवाक्यात येतो. हा मेळ योजनेच्या जाहिरातीत कधी दिसत नाही, पण बायकांनी तो स्वतःच बसवला आहे. उरतो प्रश्न लहान मुलाला दिवसभर कोण सांभाळणार याचा. अंगणवाडी दुपारी बंद होते आणि कारखान्याची पाळी संध्याकाळी सुटते. तेवढे चार तास भरून काढणारे पाळणाघर गावात असते, तर या पंधराशेचा कामावरचा परिणाम आजच्यापेक्षा कितीतरी मोठा दिसला असता.

गुण असे : रक्कम ४, खाते व्यवस्था ३.५, ई-केवायसी २, तारीख १.५, अटी १.५, बाईच्या नावावरचे खाते ५. हप्ता चालू असलेल्यांनी या आठवड्यात आधार-बँक जोडणी तपासून पडद्याचा फोटो ठेवावा, नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा मोबाइल नंबर चालू आहे का पाहावे, आणि ई-केवायसी पूर्ण झाल्याचा संदेश छापून अर्जासोबत दिलेल्या हमीपत्राच्या झेरॉक्ससोबत ठेवावा. कागदावरची नोकरी समोर आली असेल तर आधी हिशेब मांडावा : वाढीव वार्षिक पगारातून १८,००० आणि प्रवास वजा करून काय उरते ते. पीएफ आणि ईएसआय असलेल्या नोकरीत पगार अडीच-तीन हजारांनी जरी वाढत असला, तरी बहुतेक वेळा उत्तर नोकरीच्या बाजूने येते.